भिंत पाडून मार्क देणारे काका

अन्याय झाला तो आमच्या काकांवर. २००८ साली, मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, नॉटिंगहॅममधल्या एका कॉलेजच्या वीटकामाच्या वर्कशॉपमध्ये. साक्षीदार वर्गातले बारा विद्यार्थी आणि तेरावी मी. वेळ इतकी नेमकी कशी माहीत ते पुढे येईल, आणि ते आलं की तुम्ही माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघाल. बघा. काकांचं नाव मात्र मी छापणार नाही. छापलंस तर थापी फेकून मारीन असं त्यांनी बजावलंय, आणि चौसष्टाव्या वर्षीही त्यांचा नेम चुकत नाही.

काका माझे नात्यातले कोणी नव्हेत. कॉलेजात विद्यार्थी त्यांना 'गॅफर' म्हणायचे, इथे साइटवरच्या मुकादमाला म्हणतात तसं. इथल्या बुद्धविहारात सगळे काका म्हणत. मी वर्कशॉपमध्येही काकाच म्हणत राहिले, त्यामुळे नाताळापर्यंत अर्धा वर्ग त्यांना 'काका' म्हणायला लागला, आणि तेही अशा उच्चारात की बाहेरच्याला वाटावं आत कोणीतरी पोपट पाळलाय.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. चौदाव्या वर्षी नागपूरहून इकडे आले आणि माझं मराठी टिकलं ते पत्रकांवर. विहारातली पत्रकं आधी नुसती वाटली, मग वाटता वाटता वाचली, मग इतरांनी लिहिलेली पसंत पडेनात म्हणून स्वतः लिहायला लागले. तेव्हा या लेखात मध्येच मागण्या सुरू झाल्या तर तो सवयीचा दोष समजा. शेवटी जी मागणी येईल ती मात्र दोष समजू नका.

तर त्या सुमारास सरकारने ठरवलं की अशा कॉलेजांत शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे शिकवण्याचं सर्टिफिकेट हवं. अशा कॉलेजांत म्हणजे युनिव्हर्सिटीत नव्हे. जिथे शाळा नकोशी झालेली पोरं आणि चाळिशीत नोकरी गेलेली माणसं हाताचं काम शिकायला येतात, तिथे. त्याच सुमारास असंही ठरलं की गवंड्यांना, आचाऱ्यांना, केस कापणाऱ्यांना लागणारं गणित त्यांच्या वर्कशॉपमध्येच जाऊन शिकवायचं. दोन्ही गोष्टी चांगल्याच ठरवल्या, मी विरोधात नव्हते. मी गणित शिकवण्याचं ट्रेनिंग घेत होते. मला वीटकामात टाकलं आणि मेंटॉर म्हणून काका दिले. मेंटॉर म्हणजे ज्याच्या मागे वर्षभर हिंडायचं आणि ज्याची फॉर्मवर सही घ्यायची तो माणूस.

विहारात आमची नुसती तोंडओळख होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचलं.

"जयभीम. चहा घेणार?"

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी खिशातून पितळी ओळंबा काढला, त्याची दोरी माझ्या कानाजवळ धरली आणि एक डोळा मिटून बघितलं.

"डावा खांदा खाली आहे तुझा."

"बॅग जड आहे, काका."

"काय भरलंय?"

"पत्रकं."

"मग उद्यापासून पत्रकं उजवीकडे घे."

तो ओळंबा त्यांच्या खिशात किल्ल्यांच्या जागी असायचा. किल्ल्या ते विसरायचे, ओळंबा कधीच नाही. नोटीसबोर्ड, कॉफीचं मशीन, पावसात गोल पाटी धरून शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडून देणारा लॉलीपॉपवाला, सगळ्यांना त्यांनी ओळंबा लावून पाहिला होता. एकदा विभागप्रमुखांनी त्यांना ऑफिसात बोलावून वीस मिनिटं सुनावलं, आणि शेवटी विचारलं की यावर तुम्हाला काही म्हणायचंय का. काका म्हणाले, "तुमची चौकट अर्धा इंच कललीय. दार आपोआप उघडत असेल. बाहेर सगळं ऐकू येतं." बाहेर खरंच सगळं ऐकू येत होतं. मी बाहेरच उभी होते.

माझ्या पहिल्या धड्यासाठी मी अपूर्णांकांचं वर्कशीट नेलं होतं. त्यावर आठ तुकडे केलेला पिझ्झा. काकांनी तो कागद उलटा, सुलटा, पुन्हा उलटा करून पाहिला.

"गवंड्याला पिझ्झा काहून?"

"अपूर्णांक समजावे म्हणून."

त्यांनी एक वीट उचलली, छिन्नी ठेवली, ठोकली. अर्धी. अर्धीतून पाव. दुसऱ्या विटेतून पाऊण. तिन्ही तुकडे माझ्या हातावर ठेवले. "कोपऱ्याला पाव वीट बसली नाही तर वरचा सांधा खालच्या सांध्यावर येतो, आणि भिंत चिरते. पिझ्झा चिरला तर काय होतं?"

त्या वर्गात एक शेहेचाळीस वर्षांच्या बाई होत्या. वीस वर्षं सुपरमार्केटच्या टिलवर, म्हणजे पैसे घ्यायच्या गल्ल्यावर बसलेल्या, ते काम मशीन करायला लागलं म्हणून घरी पाठवलेल्या. अपूर्णांक म्हटलं की त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. आठवडाभराने त्या मला विटेचा तुकडा दाखवून म्हणाल्या, "डक, ही पाऊण नाही, पाऊणपेक्षा नखभर कमी आहे." नॉटिंगहॅममध्ये सगळेच सगळ्यांना डक म्हणतात, बस ड्रायव्हरसुद्धा. मी मोजलं. नखभर कमीच होती.

आता भिंती पाडण्याबद्दल. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सिमेंट वापरत नाहीत. चुना आणि वाळू, म्हणजे बांधलेली भिंत पाडून, विटा खरवडून पुन्हा वापरता येतात. हे सगळीकडेच असं आहे. फरक एवढाच की बाकीचे शिक्षक भिंत पाडण्याआधी मार्क देतात. काका पाडताना द्यायचे.

त्याचा एक विधी होता. काका भिंतीकडे पाठ करून उभे राहायचे. डोळे मिटायचे, उजवा हात वर. हात खाली आला की ज्याने भिंत बांधली त्यानेच लाकडी फळीने ती ढकलायची. सांधे नीट भरलेले असले, विटा एकमेकींत नीट बांधलेल्या असल्या, तर चुन्याची भिंतसुद्धा अख्ख्या लादीसारखी पडते. धप्प. एकच आवाज. कुठे पोकळ राहिलं असेल तर खडाखडा सुटते. वर्गात कोणी हूं की चूं करायचं नाही. मग काका पाठमोरेच विचारायचे, "कशी पडली?"

आधी विद्यार्थ्याने सांगायचं. तिसऱ्या थराला पोकळ वाजलं, गॅफर. डाव्या टोकाला घाई केली. ते सांगून झाल्यावरच काका आकडा उच्चारायचे. चार. सहा. साडेसहा. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या वर्षी आठच्या वर कोणाला दिले नव्हते. आकडा कोणालाही अमान्य नसायचा, कारण तो स्वतःच्या तोंडून आधीच कबूल झालेला असायचा. कोणी भिंत न पाडता जपून ठेवायची विनवणी केली तर काका म्हणायचे, "ठेवायची भिंत बाहेर बांध. इथे हात बांधायचे."

आणि या माणसाला सर्टिफिकेट नव्हतं. बावीस वर्षं शिकवत होते, त्याआधी मिडलंड्समधल्या निम्म्या साइट्सवर वीट लावत होते, पण सर्टिफिकेट नव्हतं. नियम म्हणजे नियम. त्यामुळे मंगळवारी माझे मेंटॉर असलेले काका बुधवारी दुपारी माझ्याच शेजारच्या बाकावर ट्रेनी म्हणून बसायचे, आणि माझ्याकडून पेन मागायचे.

तो वर्ग म्हणजे धमाल होती. एक नखं सजवायला शिकवणारी, एक कुत्र्यांचे केस कापायला शिकवणारा, मी, काका, आणि रंगीत चिकटचिठ्ठ्यांवर जगणाऱ्या आमच्या ट्यूटरबाई. बाई मनाने फार भल्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रश्नावली दिली: तुम्ही बघून शिकता, ऐकून शिकता की हाताने करून. काकांनी खाली चौथा चौकोन काढला, त्यात खूण केली आणि लिहिलं, 'ओरडा खाऊन'.

मग प्रत्येकाने बाकीच्यांना पंधरा मिनिटांचा धडा द्यायचा होता. काका तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गालिच्याच्या खोलीत ढकलगाडी घेऊन आले. विटांनी भरलेली. लिफ्टने दोनदा नकार दिला तेव्हा तीन खेपा केल्या. बाईंनी हसून आठवण केली की धड्याचं उद्दिष्ट आधी फळ्यावर लिहायचं असतं. काकांनी लिहिलं, 'शेवटी भिंत असेल.' पंधरा मिनिटांनी भिंत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून बांधलेली, गुडघाभर. नखंवालीचा सांधा इतका सुबक आला की काका म्हणाले, ही उद्यापासून माझ्याकडे. बाई टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. काकांनी भिंतीकडे पाठ केली, डोळे मिटले आणि हात वर केला.

खालच्या मजल्यावर लायब्ररी होती. तिथल्या बाई वर आल्या त्या फायर ड्रिलचं जॅकेट घालूनच आल्या.

दर आठवड्याला रिफ्लेक्टिव्ह जर्नलही लिहावं लागायचं. आपण कसं शिकवलं, काय जमलं, काय वाटलं. काकांची पहिली नोंद: 'भिंत सरळ. पोरं ठीक. चहा गार.' बाईंनी खाली हिरव्या शाईत लिहिलं, 'आणखी खोलात जा.' दुसरी नोंद: 'खोलात गेलो. पाया चांगला आहे.' बाईंनी लिहिलं, 'पण तुम्हाला काय वाटलं?' तिसरी नोंद: 'बरं वाटलं.'

"काका, असं नसतं लिहायचं. फीलिंग्ज लिहायच्या असतात."

"लिहिल्या की. तू काय लिहिलंस?"

मी वर्गातल्या सत्तेच्या उतरंडीवर अकरा पानं लिहिली होती. त्यांनी ती वह्या ठेवायच्या कपाटाला टेकवून उभी केली आणि ओळंबा लावला. "जरा डावीकडे झुकतंय," म्हणाले. बाईंनी हिरव्या शाईत माझ्या खाली लिहिलं होतं, 'थोडं कमी.'

कशी पडली, असं दर भिंतीला विचारणारा माणूस. रिफ्लेक्शन म्हणजे दुसरं काय असतं, हे मी बाईंना सांगायला हवं होतं. मी तेव्हा दुसऱ्याच पत्रकात गुंतले होते.

आता तो मंगळवार.

सर्टिफिकेटसाठी बाहेरच्या निरीक्षकाने येऊन तुमचा एक वर्ग बघावा लागतो. त्यात पास झालात तर लेक्चरर, नापास झालात तर लेक्चररपण संपलं, टेक्निशियन म्हणून राहा. काकांचा निरीक्षक सव्वाला येणार होता. भिंती पाडायची वेळ नेहमीप्रमाणे दोन-दहा. म्हणजे त्याला बांधकाम दिसणार, मोजमाप दिसणार, शेवटी पाडणंही ऐकायला मिळणार. काकांनी मला त्या तासाला बाहेर घालवलं होतं. "तू आत असलीस की मी मराठीत बोलायला लागतो. तो बिचारा काय लिहील?"

म्हणून मी मागच्या गेटवर पत्रकं वाटत होते. विषय: निरीक्षण. मथळा: 'क्लिपबोर्ड हटवा'. चार मुद्दे, प्रत्येकाला तीन उपमुद्दे. एक वाजून दहा मिनिटांनी बारीक पावसात एक गृहस्थ गेटपाशी आले. गेट कार्डाशिवाय उघडत नाही. कार्ड माझ्या गळ्यात होतं.

"मला आत सोडाल का? सव्वाला पोहोचायचंय."

"सोडते की. आधी हे ऐका. सगळ्यांनाच सव्वाला कुठेतरी पोहोचायचं असतं, हाच आमचा दुसरा मुद्दा."

आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली. माणूस ऐकणारा निघाला. छत्री त्यांच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती, ती मी दोघांवर धरली. मधूनमधून ते घड्याळाकडे बघायचे, पण प्रश्न इतके चांगले विचारत होते की मी उपमुद्द्यांतही शिरले. नंतर कळलं, त्यांचा समज झाला होता की कॉलेजने मला त्यांना घ्यायलाच पाठवलंय आणि हे सगळं स्वागताचा भाग आहे. शेवटी त्यांनी दोन पत्रकं मागून घेतली. दोन. आयुष्यात माझ्याकडे कोणी दुसरं पत्रक मागितलं नव्हतं. मी आनंदाने कार्ड लावलं, गेट उघडलं, म्हटलं, चला, सोडते, कुठे जायचंय?

"वीटकाम," ते म्हणाले, आणि चालता चालता बॅगेतून क्लिपबोर्ड काढला.

उरलेली पत्रकं मी घाईघाईने बॅगेत कोंबली.

दार उघडलं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. अकरा भिंती आडव्या झाल्या होत्या. शेवटची टिलवाल्या बाईंची. काका पाठमोरे, डोळे मिटलेले, हात वर. हात खाली आला. बाईंनी फळी टेकवली आणि ढकललं.

धप्प.

एकच. जमिनीवर भिंत अख्खी पडून होती, जणू झोपवलीय.

"कशी पडली?"

"मला... मला काही सापडत नाहीये, गॅफर," बाई म्हणाल्या. "मी ऐकलं. काही पोकळ नव्हतं."

काकांनी डोळे उघडले. "नऊ."

वर्गात एकच गिल्ला झाला. बाईंच्या मानेवर चट्टे होते, पण वेगळे. आणि दारातून निरीक्षकांचा सभ्य आवाज आला. "माफ करा, मला उशीर झाला. भिंती कुठे आहेत?"

"ह्या काय," काकांनी हात फिरवला. "पडल्यात."

"मग मी बघू काय?"

"बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. ऐकलंत ना?"

एक विद्यार्थी म्हणाला, दोन तास थांबा, पुन्हा बांधून दाखवतो. निरीक्षकांना ट्रेन होती. विद्यार्थी सवयीने विटा खरवडायला बसले होते. त्या खरवडण्याच्या आवाजात निरीक्षकांनी उभ्यानेच लिहिलं: 'शिकल्याचा पुरावा आढळला नाही.' पुरावा त्यांच्या बुटाजवळ आडवा पडला होता.

मी काकांना त्याच दुपारी सगळं सांगितलं. गेट, छत्री, चार मुद्दे. ते ऐकत होते. मग त्यांनी मला एक खरवडणी दिली आणि विटांच्या ढिगाकडे बोट केलं. मी बसले. शंभरेक विटा झाल्यावर ते शेजारी येऊन बसले.

"त्याने पत्रक घेतलं?"

"दोन घेतली, काका."

"प्रश्न विचारले?"

"सात-आठ."

"मग तुझा तास बरा झाला."

मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांनी माझा फॉर्म मागितला. माझ्या ट्रेनिंगमध्ये मेंटॉरने तपासलेला एक तास भरायचा राहिला होता, आणि महिनाअखेरपर्यंत ते मेंटॉर होते. त्यांनी त्यांच्या त्या ठोकळा अक्षरात लिहिलं: 'विद्यार्थी एक. पूर्ण वेळ हजर. भिजत उभा राहून शिकला. शेवटी हँडआउट मागून घेतलं.' खाली सही.

"काका, याच तासाने तुमची नोकरी गेली."

"तास चांगलाच होता ना? मग? मार्क तासाला देतात."

तेव्हा माझं सर्टिफिकेट त्या पाऊण-एक तासावर उभं आहे, हे लक्षात असू द्या. आता मी दुसऱ्या कॉलेजात गणित शिकवते, विटेचे तुकडे घेऊन. मी कॉलेजला लेखी कबुली दिली, चार मुद्द्यांत. उत्तर आलं की कॉलेजच्या चुकीमुळे उशीर झाला असेल तरच निरीक्षण पुन्हा होऊ शकतं, आणि ट्रेनी म्हणजे कॉलेज नव्हे. वर्षभर तिथे फुकट राबताना मी कॉलेज होते. चूक केली तेव्हा नव्हते.

काकांना निळा कोट मिळाला आणि स्टोअरची खिडकी. आता ते तिथून विटा, दोरी, थाप्या देतात. वर्ग दुसरे एक गृहस्थ घेतात. माणूस वाईट नाही, सर्टिफिकेट आहे, भिंतीचे चारही बाजूंनी फोटो काढून फाइलला लावतात. मग भिंत पाडतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले होते. खिडकीच्या आत काका स्टुलावर बसले होते, भिंतीकडे पाठ, डोळे मिटलेले. पलीकडे काहीतरी पडलं. खडाखडा.

"कशी पडली?" काका खिडकीतून म्हणाले.

"उजवीकडे पोकळ होती, गॅफर," पलीकडून आवाज आला.

"पाच."

नवे शिक्षक फाइलमध्ये काहीतरी लिहीत होते. मी डोकावून पाहिलं. पाच लिहीत होते.

येत्या जुलैमध्ये काका निवृत्त होतात. आहे तसंच राहिलं तर त्यांच्या शेवटच्या कागदावर 'स्टोअर टेक्निशियन' असेल, आणि बावीस वर्षांत त्यांनी कोणाला काही शिकवलं याचा कॉलेजच्या लेखी पुरावा नसेल. अपिलाची एकच फट उरलीय: माजी विद्यार्थ्यांच्या कामाचा लेखी पुरावा आणला तर पुनर्विचार होईल. काका स्वतः मागणार नाहीत. "मी लोकांच्या दारात जाऊन म्हणू, माझी भिंत बघा?" नका म्हणू. मी म्हणते.

नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टरकडे राहणाऱ्यांनो, तुमच्यातल्या किती जणांची घराची वाढीव खोली, बागेची भिंत, गेटचे खांब काकांच्या हाताखाली शिकलेल्यांनी बांधलेत, ते तुम्हाला माहीत आहे, कारण विहारात तुम्हीच त्यांना 'कोणी चांगला गवंडी सांगा' म्हणून विचारायचात. तर आज संध्याकाळी उजेड असताना बागेत जा. जाड दोऱ्याला चमचा बांधा आणि भिंतीच्या टोकाशी धरा. एक डोळा मिटा. भिंत दोऱ्याला धरून खाली गेली आहे ना, ते बघा. मग एका कागदावर लिहा: ही भिंत कोणी बांधली, त्याला कोणी शिकवलं, आणि ती अजून उभी आहे. खाली सही करा, आणि रविवारी तो कागद विहारात घेऊन या. मी दाराशी, चपलांच्या रॅकजवळ, रिकामी फाइल घेऊन बसलेली असेन.